पुढारी तोच सेवक : संत जोसेफ वाझ यांचें चरित्र व आमच्या धर्मग्रामाचें कर्तव्य

ज्युबिलीचा प्रसंग आनंदाचा खरा, परंतु तो हिशेबाचाही असतो. जुन्या करारांतील ज्युबिली वर्षाचा नियमच असा होता कीं, पन्नासाव्या वर्षीं कर्णा वाजवावा, हातची गेलेली जमीन मूळ कुळास परत मिळावी, दास मोकळे व्हावे, आणि ज्याचें जें असेल तें त्यास पोंचावें. या स्मरणिकेंत मंदिराच्या बांधणीची हकीगत, आमच्या धर्मगुरूंची नामावळि, धर्मभगिनींच्या सेवेचा वृत्तांत व देणगीदारांचे आभार हें सर्व यथास्थित येईलच. आम्हीं मात्र या लेखापुरता एक निराळा प्रश्न हातीं घेतला आहे. तो असा कीं, ख्रिस्ती मंडळींत पुढारी कोणास म्हणावें? आणि ज्यास आम्ही पुढारी म्हणतों त्याच्या ठायीं सचोटी व जबाबदारी हे दोन गुण नसतील, तर त्याच्या पुढारपणाचें मोल तें काय?

हा प्रश्न आम्हांस पुस्तकांतून सुचलेला नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं श्रावणांतल्या एका रविवारीं आम्ही समितीवरील दोघे-तिघे आमच्या धर्मग्रामाच्या एका दूरच्या वस्तीवर होतों. रात्रभर पाऊस झाला होता. नाल्यास पूर आला आणि फादर पलीकडच्या तीरावर अडकून पडले. वस्तीवरचीं पंचवीस-तीस माणसें, ओल्या अंगानें, लेंकरें कडेवर घेऊन, एका घराच्या ओसरींत जमलीं होतीं. आतां मिस्सा होणार नाहीं हें सर्वांस कळून चुकलें. निदान जपमाळ म्हटली जावी, शुभवर्तमानांतील एक उतारा वाचला जावा, असें सर्वांच्याच मनांत होतें. पण आरंभ कोणीं करावा? आम्हीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलें. एक म्हणाला, तुम्ही वडील आहां; दुसरा म्हणाला, तुम्ही शिकलेले आहां. शेवटीं चुलीपासून उठून आलेल्या एका म्हातारीनें पदरास हात पुसले, क्रूसाची खूण केली, आणि जप सुरू केला. तिच्यामागून सर्वांनीं म्हटला, आम्हींही म्हटला. त्या दिवशीं त्या ओसरींत पुढारी कोण होतें, हें निराळें सांगावयास नको. आम्हांस लाज वाटली, आणि ती लाजच या लेखाचें बीज होय.

आमचा जिल्हा लहान असला तरी पुढारपणाचा अर्थ जाणणारा आहे. वाशीम नगर फार प्राचीन. वत्सगुल्म या नांवानें तें वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतें. १८५३ सालीं वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. पुढें बासीम नांवाचा स्वतंत्र जिल्हा झाला; तो १९०५ सालीं मोडून अकोला जिल्ह्यांत घालण्यांत आला; आणि १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा पुनः स्वतंत्र झाला. वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके. मानोरा तालुक्यांत पोहरादेवी हें बंजारा समाजाचें थोर तीर्थ आहे, आणि ठिकठिकाणीं त्या समाजाचे तांडे आहेत. प्रत्येक तांड्यास एक नाईक असतो. पूर्वीं हे लोक हजारों बैलांच्या पाठींवर धान्य व मीठ लादून देशभर हिंडत, तेव्हां वाट, मुक्काम, पाणी, तंटाबखेडा या सर्वांचा भार नाईकावर असे. नाईक म्हणजे नायक, म्हणजे जो पुढें नेतो तो. पाणी चुकलें तर दोष त्याचा. एखादें कुटुंब मागें राहिलें तर विचारणा त्यालाच. मान होता, पण तो भाराच्या मागून येत असे. आमच्या शेजाऱ्यांच्या या जुन्या व्यवस्थेंत जो अर्थ आहे, तोच शुभवर्तमानांतील चांगल्या मेंढपाळाच्या दृष्टांतांत आहे. मोलकरी मेंढपाळ लांडगा दिसतांच पळतो, कारण मेंढरें त्याचीं नसतात. खरा मेंढपाळ उभा राहतो.

या भूमींत कॅथलिक मंडळी पहिल्यापासून थोडी व विखुरलेली. सॅव्हॉय प्रांतांतील ॲनेसी येथें १८३८ सालीं स्थापन झालेल्या सेल्सचे संत फ्रान्सिस यांच्या मिशनरी संस्थेनें त्या शतकाच्या मध्यास विशाखापट्टणम येथें पाय ठेविला, आणि तेथून तिचें कार्य मध्य हिंदुस्थानांत पसरलें. १८८७ सालीं नागपूरचा धर्मप्रांत निर्माण झाला. १९५५ सालीं त्यांतून अमरावतीचा धर्मप्रांत निघाला, आणि आमचा जिल्हा त्याच धर्मप्रांतांत मोडतो. मंडळी थोडी, गांवें लांबलांब, धर्मगुरु एक आणि वस्त्या अनेक, अशी ज्या धर्मग्रामाची स्थिति, तेथें श्रद्धेचा दिवा महिन्यांतले बहुतेक दिवस गृहस्थाश्रमी माणसांच्याच हातीं असतो. म्हणून आम्हांस असें उदाहरण हवें होतें कीं, जेथें धर्मगुरु नसतांना, किंवा एकटाच असतांना, मंडळी कशी जगली हें स्पष्ट दिसावें. तें आम्हांस आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरील एका गोवेकर पुत्राच्या चरित्रांत सांपडलें. ते संत जोसेफ वाझ होत. गोव्यांत त्यांस जुझे वाझ या नांवानें ओळखतात.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं साष्टी प्रांतांतील बाणावली या आजोळच्या गांवीं झाला. त्यांचें घराणें सांकवाळचें. प्राथमिक विद्या गांवीं झाल्यावर ते गोवा शहरीं, म्हणजे आजच्या जुन्या गोव्यांत, पुढील अध्ययनास गेले, आणि १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. दीक्षेनंतर त्यांनीं गरिबांप्रमाणें अनवाणी चालण्याचें व्रत धरिलें. सांकवाळ येथें मुलांसाठीं लॅटिनची शाळा काढिली. १६७७ सालीं त्यांनीं एक पत्र लिहून पवित्र मरियेचा आजन्म दास म्हणून स्वतःस अर्पण केलें. ज्या काळीं माणसें बाजारांत विकलीं जात, त्या काळीं एका कुलीन व विद्वान तरुणानें आपण होऊन दास हा शब्द आपल्या नांवापुढें लिहावा, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पुढें त्यांनीं जें पुढारपण केलें, त्याचा पाया याच शब्दांत होता.

त्यांची पहिली कसोटी कानडा प्रांतांत झाली. १६८१ सालीं गोव्याच्या अधिकाऱ्यांनीं त्यांस तेथील मंडळींचे मुख्य म्हणून पाठविलें. तेथें मोठा तंटा माजलेला होता. पोर्तुगालच्या राजास पूर्वीं मिळालेल्या धर्मकार्याच्या हक्कानें गोव्याचे आर्चबिशप तो प्रांत आपला म्हणत. उलट रोमहून थेट नेमलेले अपोस्तलिक व्हिकर थॉमस डी कॅस्ट्रो तो आपला म्हणत. एकाचे संस्कार दुसरा मानीना. बिचारी मंडळी दोहोंच्या मध्यें भरडली जाई. तरुण फादर वाझ यांस एका पक्षानें पाठविलें होतें, म्हणून त्या पक्षाची बाजू हिरिरीनें मांडणें हेंच त्यांचें काम, असें कोणीही म्हणालें असतें. त्यांनीं आपल्या वरिष्ठांचा मान राखिला, दुसऱ्या पक्षाच्या बिशपांची भेट घेऊन त्यांचाही मान राखिला, आणि वादाचा निकाल लागेपर्यंत मंडळींस संस्कार मिळत राहतील अशी तडजोड साधण्याची खटपट केली. मग ते पायीं गांवोगांव हिंडले. मोडकळीस आलेलीं मंदिरें उभीं केलीं, लहान शाळा काढिल्या, दास म्हणून धरलेल्या माणसांस सोडविण्यासाठीं झटले. दोन पक्षांत सांपडलेल्या माणसानें आधीं कोणाकडे पाहावें, याचें उत्तर त्यांनीं शब्दांनीं न देतां पायांनीं दिलें. ज्या लोकांची उपासमार होत आहे, त्यांच्याकडे आधीं पाहावें.

१६८४ सालीं ते गोव्यास परतले. त्या काळीं एतद्देशीय धर्मगुरूंस युरोपीय धर्मसंघांत सहसा प्रवेश मिळत नसे. जुन्या गोव्यांतील एका टेकडीवरच्या पवित्र क्रूसाच्या मंदिरीं कांहीं गोवेकर धर्मगुरु एकत्र राहून तपाचरण करीत होते. १६८५ सालीं फादर वाझ त्यांस मिळाले, आणि लौकरच त्या मंडळाचे प्रमुख झाले. संत फिलिप नेरी यांच्या ऑरेटरीचा नियम त्यांनीं स्वीकारिला. घरच्या मुलांनींच उभारलेला हा संघ. आतां येथें स्वस्थ बसून प्रमुखपणाचा मान भोगावा, असें त्यांस वाटलें असतें तर नवल नव्हतें. परंतु त्यांच्या कानांवर सिंहलद्वीपाची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची, हकीगत आली होती, आणि तिनें त्यांस स्वस्थता लाभूं दिली नाहीं.

ती हकीगत अशी. पोर्तुगीजांच्या अमलांत त्या बेटाच्या किनारपट्टीवर पुष्कळ लोक कॅथलिक झाले होते. १६५६ सालीं वलंदेजांनीं, म्हणजे डच लोकांनीं, कोलंबो घेतलें. १६५८ सालीं जाफना घेतलें. त्यांनीं कॅथलिक धर्मगुरूंस हांकून दिलें, मंदिरें आपल्या पंथाकडे घेतलीं, आणि धर्मगुरूस आसरा देणारास कडक शिक्षा ठरविल्या. सुमारें तीस वर्षें तेथें कोणीही कॅथलिक धर्मगुरु उघडपणें राहूं शकला नाहीं. मुलें जन्मलीं, वाढलीं, त्यांचीं लग्नें झालीं, म्हातारीं माणसें मरून गेलीं. पापनिवेदन नाहीं, मिस्सा नाहीं. फादर वाझ यांनीं आपल्या मंडळाचा निरोप घेतला आणि १६८६ सालीं प्रवासास निघाले. बरोबर जॉन नांवाचा एक इमानी सेवक होता. १६८७ सालीं, मजुराच्या वेषांत, ते जाफन्यास उतरले. उतरले ते आजारी होऊनच. अतिसारानें जर्जर झालेल्या त्या अनोळखी भिकाऱ्यास कोणी दयाळू माणसांनीं पेज पाजली, म्हणून ते वांचले. ज्या लोकांचे पुढारी होण्यास ते आले होते, त्यांच्याच दयेवर त्यांस आधीं जगावें लागलें.

पुढें ते गळ्यांत जपमाळ घालून दारोदार भीक मागत फिरूं लागले. जपमाळ पाहून ज्याच्या डोळ्यांत ओळख दिसेल, तो कॅथलिक असावा, असा त्यांचा कयास. असें करतां करतां एका कुटुंबाचा विश्वास त्यांनीं मिळविला, आणि मग रात्रींच्या रात्रीं दारें उघडूं लागलीं. जाफन्याजवळच्या सिल्लालै गांवानें त्यांस लपविलें. रात्रीं मिस्सा, रात्रीं बाप्तिस्मा, रात्रीं लग्नें. दिवस उजाडला कीं भिकारी. एका नाताळच्या रात्रीं मंडळी मिस्सेसाठीं जमली असतां डच शिपायांनीं छापा घातला. फादर निसटले, पण पुष्कळ स्त्रीपुरुष पकडले गेले. त्यांतील प्रमुखांस फटके व बंदिवास सोसावा लागला. तरी फादर कोठें आहेत हें कोणीं सांगितलें नाहीं. वाचकहो, येथें थोडें थांबावें. त्या रात्रीं पुढारी कोण होते? पळून जाऊन सेवा चालूं ठेवणारे फादर कीं मार खाऊन मौन धरणारे ते गृहस्थ? आमच्या मतें दोघेही. धर्मगुरूनें लोकांसाठीं जीव धोक्यांत घातला होता, म्हणून लोकांनीं त्याच्यासाठीं पाठ पुढें केली. एकाच्या जबाबदारीनें दुसऱ्यांत जबाबदारी जागी केली.

त्यानंतर ते पुत्तलम येथें, आणि १६९२ सालीं बेटाच्या मध्यभागीं असलेल्या कँडीच्या स्वतंत्र राज्यांत गेले. तेथें पोर्तुगीजांचा हेर म्हणून त्यांच्यावर आळ आला व राजा दुसरा विमलधर्मसूर्य यानें त्यांस कैदेंत टाकिलें. कैदेंतही त्यांनीं झोंपडीवजा प्रार्थनास्थान उभारिलें, सिंहली भाषा शिकण्याचा उद्योग आरंभिला, आणि तुरुंगांतल्या कॅथलिकांची सेवा चालविली. परंपरा अशी सांगते कीं, अवर्षण पडलें असतां राजाच्या विनंतीवरून त्यांनीं उघड्यावर वेदी मांडून प्रार्थना केली, आणि पाऊस पडला. कसेंही असो, राजाची खात्री पटली कीं हा माणूस हेर नव्हे. आणि त्यानें त्यांस राज्यभर हिंडण्याची मोकळीक दिली. एका बौद्ध राजानें, ख्रिस्ती म्हणविणाऱ्या सत्तेनें हांकलून दिलेल्या कॅथलिक धर्मगुरूस आसरा दिला, ही गोष्ट हिंदु, बौद्ध, मुसलमान व जैन बांधवांच्या शेजारीं राहणाऱ्या आम्हां वाशीमकरांनीं कृतज्ञतेनें आठवावी.

१६९७ सालीं कँडींत देवीची सांथ आली. राजा व दरबार शहर सोडून गेला. घरोघरचे आजारी लोक रानांत टाकून दिले जाऊं लागले. फादर वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हाल्यो शहरांतच राहिले. रिकाम्या घरांत त्यांनीं रुग्णांची सोय केली, त्यांस अन्न शिजवून घातलें, फोड धुतले, मेलेल्यांस मूठमाती दिली. त्यांत आपला-परका, ख्रिस्ती-अख्रिस्ती असा भेद केला नाहीं. लांडगा येतांच पळतो कोण आणि उभा राहतो कोण, हें दृष्टांतांतून नव्हे तर डोळ्यांनीं पाहावयास कँडीच्या लोकांस मिळालें.

परंतु आम्हांस या चरित्रांतील जो भाग सर्वांत अधिक मोलाचा वाटतो, तो याहून कमी ठळक आहे. जेथें जेथें फादर वाझ गेले, तेथें तेथें त्यांनीं एक व्यवस्था बसविली. प्रत्येक गांवच्या मंडळींत एक मुप्पू, म्हणजे वडीलधारा कारभारी, आणि एक अण्णावी, म्हणजे धर्मशिक्षक, असे दोन गृहस्थ नेमिले. अण्णावीनें रविवारीं लोकांस जमवावें, प्रार्थना चालवावी, मुलांस शिकवावें, प्रसंग पडल्यास बाप्तिस्मा द्यावा, मरणाऱ्याच्या उशाशीं बसावें. मुप्पूनें मंदिराची व मंडळींची देखरेख करावी, तंटे मिटवावे, धर्मगुरु येणार असला कीं तयारी करावी. धर्मगुरु वर्षांतून एकदां आला तरी मंडळी वर्षभर जिवंत राहावी, हा त्यांतला हेतु. तमिळ व सिंहली या दोन्ही भाषा त्यांनीं आत्मसात केल्या, कारण परक्या भाषेंत शिकविलेला धर्म अण्णावीच्या तोंडीं टिकत नाहीं. गोव्याहून एकामागून एक ऑरेटरीचे धर्मगुरु येऊन मिळाले. १७०५ सालीं आलेले फादर जॅकोम गोन्साल्विस यांनीं सिंहली व तमिळ भाषांत इतकें विपुल धर्मसाहित्य लिहिलें कीं, सिंहली वाङ्मयाच्या इतिहासांत त्यांचें नांव कायमचें झालें.

मान त्यांच्याकडे चालून आला नाहीं असें नव्हे. कोचीनच्या बिशपांनीं त्यांस आपले व्हिकर जनरल नेमिलें. ती कामाची जबाबदारी होती, ती त्यांनीं घेतली. पुढें रोमच्या प्रतिनिधींकडून त्यांस बिशपपद देण्याची गोष्ट निघाली, तेव्हां तें त्यांनीं नाकारलें. काम घ्यावें, पदवी टाळावी, ही त्यांची रीत. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडी येथें त्यांचें देहावसान झालें. चोवीस वर्षांपूर्वीं ज्या बेटावर त्यांस एकही धर्मगुरु सांपडला नव्हता, तेथें मृत्युसमयीं सत्तर हजारांवर कॅथलिक होते, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांच्यामागें ऑरेटरीच्या धर्मगुरूंनीं तें कार्य शतकाहून अधिक काळ चालविलें. डच सत्ता १७९६ सालीं गेली, पण गांवोगांवचे अण्णावी राहिले. २१ जानेवारी १९९५ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं कोलंबो येथें त्यांस धन्यवादित म्हणून घोषित केलें, आणि १४ जानेवारी २०१५ रोजीं त्याच शहरीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस संतपद दिलें.

कोणी म्हणेल, हा एका संताचा पराक्रम झाला. सामान्य माणसांस त्यापासून काय शिकावयाचें? त्यास जगाचा इतिहासच उत्तर देतो. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनीं १५९७ सालीं जपानांतील नागासाकी येथें क्रूसावर प्राण दिला. ते धर्मगुरु नव्हते, साधे धर्मबंधु होते. पुढें त्याच जपानांत धर्मगुरूंविना दोनशें वर्षांहून अधिक काळ साध्या कोळ्या-शेतकऱ्यांनीं गुप्तपणें श्रद्धा राखिली. बाप्तिस्मा देणारा माणूस पिढ्यानपिढ्या गांवकऱ्यांतूनच येई. १८६५ सालीं फ्रेंच धर्मगुरूंनीं नागासाकींत मंदिर बांधिलें, तेव्हां ते लोक आपण होऊन पुढें आले. कोरियांत तर मंडळींची स्थापनाच गृहस्थांनीं केली. १७८४ सालीं यी सुंग-हुन पेकिंग येथें बाप्तिस्मा घेऊन परतले, आणि सुमारें दहा वर्षें तेथील मंडळी धर्मगुरूविना वाढली. हे सर्व लोक आमच्यासारखेच संसारी होते.

दूर कशास जावें? आमच्या वाशीम गांवींच एक उदाहरण आहे. तें आमच्या मंडळींतील नव्हे; नाझरीन चर्चचें आहे; पण सत्य जेथें दिसेल तेथें त्यास मान द्यावा. १९३६ सालीं ऑर्फा स्पायकर नांवाच्या अमेरिकन महिला डॉक्टर हिंदुस्थानांत आल्या, आणि १९३८ सालीं वाशीम येथें रेनल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालें. त्या काळच्या वाशीमांत प्रसूतीच्या वेळीं अडलेल्या बाईस, सर्पदंश झालेल्या शेतकऱ्यास जवळ आसरा नव्हता. डॉक्टरबाईंनीं शस्त्रक्रिया केल्या. पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहींत. परिचारिकांचें शिक्षण तेथें सुरू झालें, आणि या भागांतील मुलींच्या हातीं ती विद्या गेली. १९७६ सालीं, सुमारें चाळीस वर्षांच्या सेवेनंतर, त्या निवृत्त झाल्या. विद्या मागें ठेवून गेल्या. फादर वाझ यांच्या अण्णावींत आणि वाशीमच्या परिचारिकांत आम्हांस एकच तत्त्व दिसतें. पुढाऱ्याची परीक्षा त्याच्या हयातींत होत नाहीं. तो गेल्यावर जें उभें राहतें, त्यावरून होते.

आमच्या ख्रिस्तसभेनेंही हेंच वारंवार सांगितलें आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं गृहस्थांच्या प्रेषितकार्याविषयीं स्वतंत्र आदेश काढिला. १० मे २०२१ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं धर्मशिक्षकाच्या सेवेस ख्रिस्तसभेंत विधिपूर्वक स्थान दिलें. सिल्लालैच्या अण्णावींनीं अंधारांत जें काम केलें, त्यावर अशा रीतीनें तीन शतकांनंतर विधीची मोहर उठली.

आतां आमच्याकडे वळूं. ज्युबिलीच्या तयारीच्या बैठकींत आम्हीं किती वेळ कोणत्या कामांस दिला, याचा हिशेब प्रांजळपणें मांडावा. कोनशिलेवर कोणाचें नांव कोठें यावें, व्यासपीठावर कोण बसावें, हार कोणीं घालावा, यांत संध्याकाळच्या संध्याकाळ गेल्या. दूरच्या वस्तीवरील मुलांस धर्मशिक्षण कोण देतो, हा विषय शेवटीं निघाला, आणि तेव्हां पुष्कळजण उठून गेले होते. आम्ही हें कोणास दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. उठून गेलेल्यांत आम्हींही होतों. आमचीं मुलें शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं पुण्या-मुंबईस जातात, हें योग्यच. पण सोयाबीनच्या व तुरीच्या शेतांत राबणाऱ्या ज्या घरांनीं वस्तीवर श्रद्धा राखिली, त्यांच्या ओसरींत उद्यां जप कोण सुरू करील? ती म्हातारी पिकलें पान आहे. तिच्या मागें कोण?

म्हणून या महोत्सवाच्या निमित्तानें आम्ही तीन गोष्टी नम्रपणें सुचवितों. पहिली ही कीं, प्रत्येक वस्तीवर एक पुरुष व एक स्त्री अशीं दोन माणसें निवडून त्यांस प्रार्थना चालविण्याचें व मुलांस शिकविण्याचें शिक्षण द्यावें, आणि त्यांच्या प्रवासखर्चाचा भार धर्मग्रामानें सोसावा. दुसरी ही कीं, मंदिराच्या पैशाचा जमाखर्च वर्षांतून एकदां मिस्सेनंतर सर्वांसमोर वाचला जावा. ज्याच्या हातीं पेटीची किल्ली आहे त्यानें प्रश्न विचारणाऱ्यास वैरी समजूं नये, कारण सचोटी ही मनांत असून भागत नाहीं, ती लोकांस दिसली पाहिजे. तिसरी ही कीं, ज्यानें ज्यानें पद घेतलें असेल त्यानें पहिल्याच दिवसापासून आपल्यामागून येणारास तयार करावें, आणि वेळ आली कीं हंसतमुखानें खुर्ची सोडावी. जो आपल्यामागें कोणी तयार करीत नाहीं, त्याची सेवा कितीही मोठी असो, ती त्याच्याबरोबरच मातींत जाते.

प्रभु येशूनें शेवटच्या भोजनाच्या रात्रीं कमरेस पंचा गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले. तें काम त्या काळीं घरांतल्या दासाचें होतें. जोसेफ वाझ यांनीं तो प्रसंग मनावर घेतला आणि आपणांस दास म्हणविलें. आणि ज्यानें दासाचें काम पत्करिलें, त्याच्यामागें एक सबंध देश चालला. आम्हांस देश चालवावयाचा नाहीं. आम्हांस एका ओसरींत, पावसाच्या दिवशीं, संकोच न करितां क्रूसाची खूण करून आरंभ करावयाचा आहे, आणि दुसऱ्यास आरंभ करण्यास शिकवावयाचें आहे. एवढें आमच्या हातून घडलें, तर ही ज्युबिली साजरी झाली असें आम्ही समजूं.

संत जोसेफ वाझ यांच्या मध्यस्थीनें परमेश्वर आमच्या धर्मगुरूंस दीर्घ आयुष्य देवो, आमच्या धर्मशिक्षकांस उमेद देवो, आणि आम्हां सर्वांस मानाच्या आधीं भार उचलण्याची बुद्धि देवो. आमेन.